वळचणीचा कायदा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका रोज संध्याकाळी आमच्या दाराजवळ वाकून चपला नीट लावतात. चपला दोन जोड. वेळ पाऊण तास. आमच्या घरात आवाज चढला की एक जोड पुन्हा लावावा लागतो.

या उद्योगाला नेमका मराठी शब्द आठवेना. 'कानोसा घेणं' म्हटलं तर काका जणू आमच्या काळजीपोटीच उभे आहेत असं वाटतं. इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉपिंग' म्हणतात म्हणून त्याचं मूळ शोधायला गेलो आणि जास्तच चिडलो. 'ईव्ह्ज' म्हणजे आपली वळचण, आणि 'ड्रॉप' तिच्यावरून टपटपणारं पाणी. म्हणजे पागोळ्या! सगळा माल आपल्या घरचा. कोकणात तो चार महिने फुकट गळतो. आपण त्यातून काय केलं, तर वळचणीचं पाणी आढ्याला नेलं.

इंग्रजांनी मात्र त्याचा हिशेब ठेवला. केंटमधल्या 868 च्या एका सनदेत रिवाज नोंदलाय, की पागोळ्यांसाठी इमारतीलगत दोन फूट जागा सोडावी. आमच्या बिल्डरला हा रिवाज कोणी कळवला नसावा. पुढे त्या पट्टीत उभं राहून भिंतीला कान लावणारा तो 'ईव्ह्जड्रॉपर'. नॉटिंगहॅमच्या 1487 च्या दप्तरात हा शब्द सापडतो. आधी माणसाला नाव पडलं, क्रियापद त्यावरून मागाहून तयार झालं. हे मला पटतं. आमच्याकडेही आधी काका राहायला आले.

1769 मध्ये ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने तर स्पष्टच लिहिलं, की भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीला उभं राहून ऐकणारा आणि त्यावरून चुगल्या रचणारा माणूस म्हणजे सार्वजनिक उपद्रव. शिक्षा दंडाची, वर चांगल्या वर्तणुकीचा जामीन. इंग्लंडने हा गुन्हा 1967 मध्ये रद्द केला. माझा जन्म 1968 चा. तिकडे जन्मलो असतो तरी उपयोग नव्हता.

हे सगळं काल रात्री बायकोला सांगितलं. दार लावून, पंखा पाचवर ठेवून, अगदी हळू आवाजात.

सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. "जामीन साधारण किती लागायचा हो?"