पातेल्याचा तळ

माझी २००४ सालची कादंबरी मराठी साहित्याला अजून मिळालेली नाही. यात दोष साहित्याचा नाही, माझा तर नाहीच, फॉन्टचा आहे. युनिकोड न मानणाऱ्या एका जुन्या फॉन्टमध्ये ती टंकलेली. आजच्या लॅपटॉपवर उघडली की नायिकेच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं प्रवेश करतात. ते जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडे चालतं फक्त विंडोज एक्सपीवर. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स हे संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर घेऊन मी लॅपटॉपच्या पोटात एक्सपीचं बिऱ्हाड थाटलं.

बिऱ्हाड लागलं, पण दर पाच-सात मिनिटांनी गोठायला लागलं. बाण हलेना, अक्षर उमटेना. मग मिनिटभराने तुंबलेली सगळी अक्षरं एकदम धबाधबा पडायची, फलाटावर लोकल लागल्यासारखी.

उपाय केला तो माझ्या दिलदारीला शोभेलसा: आणखी दिलं. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधली रॅमची पट्टी हिरव्यातून ओढत थेट लालमध्ये नेली. आठ जीबीतले सहा पाहुण्याला, म्हणजे एक्सपीला. प्रोसेसरचे चार कोर, चारही त्याचेच. आपल्यासारखा दाता विरळा, असं वाटून मी कॉलर ताठ केली. आता ते दर दोन मिनिटांनी गोठू लागलं, आणि जोडीला लॅपटॉपही.

शेवटी भाचीला बोलावलं. तिने टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९८ टक्के, डिस्क १००.

"मामा, सगळं पाहुण्याला वाढलंस. यजमान काय खाणार?"

मग तिने शिकवणी घेतली. लॅपटॉपची रॅम संपली की तो आतलं सामान डिस्कवर नेऊन टाकतो, लागेल तसं परत आणतो. रॅमपुढे डिस्क म्हणजे बैलगाडी. या ने-आणीत पाहुण्याचं सामान अडकतं आणि तो ताटकळतो. कोरही चारच, लॅपटॉपच्या अँटीव्हायरसने, अपडेटने पाळी मागितली की पाहुण्याला थांबावंच लागतं. आणि हा पाहुणा तरी केवढ्या भुकेचा? २००१ सालचा एक्सपी. ६४ एमबीवर जगणारा, १२८ मिळाले तर सुखी. ३२ बिटी असल्याने चार जीबीच्या वर त्याच्या घशाखाली उतरतच नाही. दोन पोळ्यांच्या माणसापुढे मी लग्नाची पंगत मांडली होती.

'यजमान' या शब्दाने मी मात्र गिरगावच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचलो. कोकणातून कोणी ना कोणी आलेलं असायचंच. कुणाला कोर्टाचं काम, कुणाला डोळ्यांचं, कुणाला नुसतीच मुंबई. आई वालाची उसळ करायची. पाहुण्याने नको म्हणून ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वाढण्याची तिची हातोटी होती. "घ्या हो, भरपूर आहे," म्हणायची. तेवढ्यात डावाने पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज यायचा. पाहुण्याचा घास हातातच थांबायचा. तो पातेल्याकडे बघायचा, मग आईकडे, मग ताटाकडे. तिला वाटायचं, मीठ जास्त झालं.

नंतर ती ओट्याशी उभ्याने ताकभात खायची. "मला असंच आवडतं," म्हणायची. आम्ही ते खरं मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. आज या गोष्टीचा राग येतो. तिचा थोडा, आमचा बराच. तिच्यासाठी एक वाटी आधी बाजूला काढून ठेवायला कितीसे कष्ट पडले असते? आणि तो पाहुणाही पोटभर जेवला असता.

भाचीने एक्सपीला ५१२ एमबी आणि एक कोर दिला, बाकी सगळं यजमानाला ठेवलं. "एवढ्यात भागेल?" मी कंजूष ठरल्यासारखं विचारलं. भागलं. कादंबरी उघडली. पहिल्याच पानावर मी नायकाच्या आईला 'त्यागमूर्ती' म्हटलं होतं. तेव्हा तो शब्द सुचल्याबद्दल मी स्वतःलाच चहा पाजला होता.

शब्द खोडला. त्या जागी 'उपाशी' लिहिलं. मशीन एकदाही अडलं नाही.