चेअरमनसाहेब, ही बाई तुमच्या कोणत्या वहीत आहे?

माननीय चेअरमनसाहेब,


तुमच्या साखर कारखान्याचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं तर बाकीचे सुटतील. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, आमचा मराठवाडा आणि पलीकडे बेळगाव-बागलकोटपर्यंत ज्या ज्या गाळपाला बीडचा कोयता लागतो, त्या सगळ्यांच्या चेअरमनांना हे पत्र आहे. ज्याला आपल्याला लागू नाही असं वाटेल, त्याने आपल्या मस्टरवरची ऊसतोड बायांची नावं प्रसिद्ध करावीत. मी जाहीर माफी मागेन.

तुमच्या कारखान्यात काही वाया जात नाही. चिपाडावर वीज होते, मळी डिस्टिलरीला जाते, उतारा दशांशापर्यंत काढला जातो. वजनकाट्यावर आलेल्या गाडीचं वजन किलोत लिहून ठेवता. त्या गाडीत जी मोळी आहे, ती आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या डोंगरपट्ट्यातल्या एका बाईने बांधली, डोक्यावर घेतली आणि फळीवरून चढून गाडीत टाकली. मोळी तुमच्या वहीत आली, बाई आली नाही.

गेटच्या आत कुणाचं बोट मशीनमध्ये सापडलं तर काय होतं, ते तुम्हाला पाठ आहे. अपघाताची नोंद होते, कारखाने निरीक्षकाला कळवलं जातं, पगारी रजा, नुकसानभरपाई, परत आल्यावर काही दिवस हलकं काम. ते योग्यच आहे, युनियनने भांडून मिळवलेलं आहे. मात्र गेटच्या बाहेर, फडात, कोयता पोटरीत घुसला, पाचटातून साप चावला, दवाने ओल्या फळीवरून पाय सरकून कंबर मोडली, तर तुमचं उत्तर ठरलेलं असतं: ती आमची कामगार नाही, मुकादमाला विचारा.

मग शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक खर्च कापता तो कुणाच्या नावाचा? तोडणीचा कार्यक्रम तुमचा शेतकी विभाग लावतो. कोणत्या गटात टोळी उतरायची, कोणता फड आधी आणि कोणता नंतर, हे तुमचा स्लिपबॉय सांगतो. मुकादमाला आणि वाहतूकदाराला उचलीचा, म्हणजे मजुरांना आगाऊ द्यायचा पैसा तुमच्याच करारावर मिळतो. म्हणजे खर्च म्हणून ती तुमची आहे, टनेज म्हणून ती तुमची आहे, आणि जखमी झाली, आजारी पडली की परकी. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की, मूळ धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदारामार्फत करवून घेतलं, तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. इंग्रजांच्या राज्यात लिहिलेलं ते कलम, तुमच्या विधी सल्लागाराला माहीत नाही असं मला सांगू नका. उसाशिवाय साखर होत नाही, आणि ऊस आपणहून गव्हाणीत येऊन पडत नाही.

आता खाड्याकडे येतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, काम दोघांनी. त्यातलं एक आडवं झालं की दुसऱ्याचंही काम अडतं, आणि त्या दिवसाचा खाडा धरला जातो. पाचशे, कुठे हजार रुपये. रोजची कमाई बुडते ती वेगळी. खाडा उचलीत मिळवला जातो, उचल फिटत नाही, हंगाम संपून पट्टा पडल्यावर बाकी पुढच्या हंगामावर चढते. पाळीच्या दिवसांत पोटात कळ आली तरी खाडा, ताप आला तरी खाडा, बाळंतपण झालं तरी खाडा. आजारपणाच्या रजेला जगात बहुतेक देशांत पगार देतात. तुमच्या फडात आजारी पडणाऱ्याकडून दंड घेतात.

आणि दिवस कसला असतो म्हणता? पहाटे अंधारात कोपीतून निघायचं. डाव्या हातात उसाचं बुड धरून वाकायचं, कोयता जमिनीलगत मारायचा, शेंडा छाटायचा, पाला सोलायचा, वाढ्याचा बंध करून मोळी आवळायची. दिवसभर वाकलेलं अंग. फडात आडोसा नाही, संडास नाही, पाणी कॅनमधलं, तेही पुरवून प्यायचं, कारण लघवीला जायचं कुठे? पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. रात्री कधीही गाडी लागली की उठून भरायची. हे पाच-सहा महिने. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, जखमा चिघळतात. औषधाला जायचं तर पुन्हा खाडा.

म्हणून ती गावी परतल्यावर दवाखान्यात जाते. सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून तिला सांगितलं जातं की गर्भाशयाची पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. तिचा हिशोब तिथल्या तिथे होतो: पिशवी काढली की पाळी नाही, दुखणं नाही, खाडा नाही. ऑपरेशनचा पैसा पुन्हा उचलीतून किंवा व्याजाने.

2019 च्या एप्रिलमध्ये हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र दचकला. राष्ट्रीय महिला आयोगाने मुख्य सचिवांना नोटीस काढली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या.

तेव्हा मोठा वाद झाला की मुकादम जबरदस्ती करतो की डॉक्टर भीती घालतो. डॉक्टरांनी पैशासाठी धडधाकट पोटं फाडली असतील, तर त्यांचे परवाने जायलाच हवेत. पण माझं मत विचाराल तर कुणी जबरदस्ती करण्याची गरजच उरलेली नाही. खाडा ते काम रोज करतो. समितीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढता येणार नाही, असा नियम डॉक्टरांवर आला. तुमच्यावर आला तो टनामागे दहा रुपयांचा वाटा, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी. दहा रुपये भरून फडातलं दुखणं सरकारच्या दारात ठेवता येत नाही. 2024-25 च्या हंगामाआधीची आकडेवारी जिल्हा प्रशासनानेच दिली: तोडीला निघण्यापूर्वी 843 बायांची गर्भाशयं काढलेली, त्यात 477 जणी तीस ते पस्तीस वयाच्या. डॉक्टरावर पहारा बसला. खाडा मोकळाच राहिला.

ऑपरेशननंतर पुढे काय होतं, याचा विचार तुमच्यापैकी एकाने तरी केलाय? पोटावर छेद देऊन गर्भाशय काढलं तर साधारण सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, हे कोणतीही नर्स सांगेल. अंगमेहनतीचं काम असेल तर त्याहून उशिरा. बीजकोषही काढले असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि दसऱ्याच्या तोंडावर टाके पडलेली बाई दिवाळीनंतर तुमच्या फडात वीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळी चढत असते. तिला चार दिवस नुसतं पाचट सोलू द्या, मोळी दुसरा उचलेल, असं म्हणणारं तिथे कोणी नसतं.

कामावर झालेल्या दुखण्यातून माणूस पुन्हा कामाला कसा लागतो, यावर जगात गंभीर संशोधन झालंय. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने 2007 मध्ये त्याची सात तत्त्वं मांडली. त्यातली मुख्य गोष्ट अशी की, मालकाने आजारी माणसाची लवकर, आपुलकीने विचारपूस करावी आणि त्याला झेपेल असं बदललेलं काम द्यावं. कॅनडा दूर वाटत असेल तर उसाच्याच देशात या. निकाराग्वाच्या चिचिगाल्पा भागात ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुण वयात निकामी होत होत्या. तिथल्या एका मोठ्या कारखान्याने संशोधकांना फडात येऊ दिलं, पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती कामाच्या वेळातच बसवली. किडनीला इजा झालेल्यांचं प्रमाण घटलं. तिथे भांडण बरंच झालं, विधवांनी निदर्शनं केली, मग कारखाना हलला. पण मोजणी करायला मजूर कारखान्याचे होते. इथे मोजणार कुणाला? एका हंगामात एका कारखान्याकडे, दुसऱ्या हंगामात दुसऱ्याकडे, कागदावर कुणाचीच नाही, अशा बाईच्या तब्येतीचा अभ्यास करायचा तर समितीला गावोगाव फिरून घरोघर विचारावं लागतं.

2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर सविस्तर लिहिलं. तुम्ही आपली साखर घेणाऱ्या बड्या कंपन्यांना काय उत्तर द्यायचं याच्या बैठका घेतल्या असतील. त्यापेक्षा एक बैठक या विषयावर घ्या.

येत्या हंगामाच्या तोडणी-वाहतूक करारात, मुकादमाच्या सहीच्या वरच, खाडा रद्द असं लिहा. कोयत्यातल्या दोघांची नावं वेगवेगळी, बाईचं तिच्या नावाने, तिच्या बँक खात्यासह, कारखान्याच्या नोंदवहीत घ्या. टोळी उतरेल तिथे पाणी, फिरता संडास आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरीण पाठवा. ऑपरेशन, बाळंतपण किंवा जखमेनंतर किती आठवडे मोळी उचलायची नाही, हे त्या डॉक्टरणीने लिहून द्यावं आणि तेवढ्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. ठरावाची प्रत त्याआधी गावच्या चावडीवर लावली तर बायांना वाचता येईल.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक रहिवासी