नेहमीवाले

प्रत्येक घरात, कचेरीत आणि सोसायटीच्या ऑफिसात एक नेहमीवाले असतात. वय बहुधा पन्नाशीपुढचे, पण तशी अट नाही. स्वभाव मात्र ठरलेला. कुठलाही प्रश्न लोंबकळत ठेवणे त्यांच्या रक्तात नाही. एखाद्या फाइलवर त्यांनी डबल क्लिक केले आणि विंडोजने अदबीने विचारले, की ही कशात उघडू, तर ते यादीतले पहिले ओळखीचे नाव निवडतात. खाली 'नेहमी हेच वापरा' असा चौकोन दिसला, की त्यात खूण करतातच. चौकोन रिकामा ठेवला की अर्ज खिडकीवरून परत येतो, हे त्यांना आयुष्याने शिकवलेले असते. त्या क्षणापासून घरातली यच्चयावत पीडीएफ वर्डमध्ये उघडू लागते. २०१३ पासूनचे वर्ड तर पीडीएफ नाकारतही नाही. तिचे स्वतःच्या भाषेत रूपांतर करायला बसते. मग वीजबिलातले रकाने एकमेकांच्या अंगावर पडतात, मराठी मजकुरातल्या ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि नेहमीवाले चष्मा पुसून जाहीर करतात, की या महिन्याच्या बिलात व्हायरस आहे.

घरातली तरुण मंडळी त्यांना अडाणी ठरवून मोकळी होतात. मला हे मान्य नाही. विचारलेल्या प्रश्नाला ठाम उत्तर देणारा माणूस अडाणी कसा? गडबड आहे ती प्रश्न विचारणाऱ्यात. विंडोज फाइलची पारख करते ती नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या तीन-चार अक्षरांवरून, म्हणजे आपल्याकडे आडनाव ऐकून माणसाचे कूळ, गाव आणि जेवणाच्या सवयी ठरवतात, अगदी तसे. ही रीत मायक्रोसॉफ्टने शोधलेली नाही. १९७० च्या दशकातल्या सीपी/एम या प्रणालीतून ती १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये आली, तीही आठ अक्षरे नाव आणि तीन अक्षरे आडनाव अशा काटकसरीने. पण खरी कमाल विंडोज ९५ ने केली. ओळखीच्या प्रकारांची आडनावे पडद्यावर दाखवायचीच नाहीत, असे तिने परस्पर ठरवून टाकले. म्हणजे यंत्र सगळा न्याय आडनावावर करणार आणि तेच मालकापासून लपवणार! याचा फायदा मे २००० मध्ये एका ईमेल-व्हायरसने पुरेपूर उठवला. प्रेमपत्र म्हणून आलेली ती फाइल नावावरून साधा मजकूर वाटत होती. खरे आडनाव त्यापुढे होते, ते चालता प्रोग्राम असल्याचे सांगत होते, पण पुष्कळांना ते दिसलेच नाही. जगभर लोकांनी प्रेमपत्र उघडले. त्यांत नेहमीवाले थोडेच असतील.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: खूण करण्यापूर्वी वाचायला काय होते? वाचून भागले असते तर शास्त्रज्ञ फसले नसते. स्वल्पविराम घालून ठेवलेल्या आकड्यांच्या साध्या फाइलीला, म्हणजे सीएसव्हीला, एक्सेलचे चित्र चिकटते आणि ती एक्सेलचीच आहे असे वाटू लागते. डबल क्लिक केले की खाते क्रमांकाच्या पुढची शून्ये गळतात, लांबलचक आकडे आखडून 'ई' लावून बसतात, आणि त्यावर कोणी सेव्ह दाबले तर गेलेले परत येत नाही. मानवी जनुकांपैकी काहींची नावे 'मार्च १', 'सेप्ट २' अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांच्या बेलाशक तारखा करून टाकी. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. जिथे जीवशास्त्राने माघार घेतली, तिथे निवृत्त हेडक्लार्ककडून काय अपेक्षा ठेवायची?

मग यंत्राने आडनाव सोडून फाइलच्या पोटातच का पाहू नये? हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि युनिक्सवाले तो फार मिजाशीत मांडतात. त्यांच्याकडे तसे पाहणारी आज्ञा आहेच. पीडीएफच्या सुरुवातीलाच टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. फोटो चुकून नोटपॅडमध्ये उघडला तर कचऱ्याच्या पहिल्याच ओळीत बहुधा 'जेएफआयएफ' वाचता येते. पण आजची वर्डची फाइल आणि एक्सेलची फाइल, दोन्ही आतून झिपच. आरंभीची 'पीके' ही अक्षरेही तीच. साध्या मजकुराला तर अशी खूणच नसते. जुन्या मॅकिन्टॉशने ही ओळख नावाबाहेर, चार-चार अक्षरांच्या दोन संकेतांत ठेवली होती. व्यवस्था देखणी, पण फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनवर गेली की संकेत वाटेतच गळत. शेवटी सगळे आडनावावरच आले.

नेहमीवाल्यांचे लाडके वाक्य म्हणजे 'मी काहीच केलं नाही'. ते प्रत्येक वेळी खोटे नसते, हेही नोंदवले पाहिजे. पूर्वी नवा प्रोग्राम बसवला की तो न विचारता दहा प्रकारच्या फाइली आपल्या नावावर करून घेई. हे थांबावे म्हणून विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मालकाच्या निवडीवर एक गुप्त मोहर उमटू लागली. मोहर जुळली नाही, तर विंडोज ती निवड रद्द करून आपल्याच पसंतीचा प्रोग्राम लावते आणि कोपऱ्यात तशी चिठ्ठी झळकवते. ती चिठ्ठी वाचायच्या आत नाहीशी होते. आळ मात्र घरातल्या ठरलेल्या माणसावर.

दुरुस्ती तशी सोपी. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', दुसरा प्रोग्राम निवडा, योग्य नावावर बोट ठेवा आणि त्याच चौकोनात पुन्हा खूण करा. ज्या खुणेने बिघाड केला तिच्यानेच तो जातो. म्हणून नेहमीवाल्यांना 'खूण करू नका' असे बजावणाऱ्यांचे मला नवल वाटते. खूण हवीच, फक्त नाव बरोबर हवे. पंचाईत होते ती शॉर्टकटच्या बाबतीत. विंडोज ७ च्या काळात डेस्कटॉपवरच्या एखाद्या शॉर्टकटचेच आडनाव, डॉट एलएनके, कोणी नोटपॅडला बहाल केले की सगळे आयकॉन क्षणात नोटपॅड होत. ब्राउझर उघडा, नोटपॅड. टॅली उघडा, नोटपॅड. अशा वेळी शेजारचे फॉरमॅटवाले हमखास हजर होतात, आणि दहा वर्षांच्या फोटोंसकट मशीन धुऊन काढण्याची तयारी दाखवतात. वास्तविक रजिस्ट्रीत जाऊन डॉट एलएनकेखालची 'यूजर-चॉइस' ही एक नोंद काढायची, लॉग ऑफ करून परत यायचे, की आयकॉन जागच्या जागी. नेहमीवाले हे सगळे मागे हात बांधून पाहतात आणि शेवटी विचारतात, 'निघाला ना व्हायरस?' दुरुस्त करणाऱ्याने 'निघाला' म्हणावे आणि चहा घ्यावा.