दुधीचं लगीन, मुक्काम पोस्ट धाटाव

(रंगमंचावर एक बादली, खुरपं, बॅटरी. मागे उंच काठीवर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा कापडी वारादर्शक मोजा.)

हा मोजा बघून जे हसले, ते पुण्या-मुंबईचे. हा बघून ज्यांनी आधी दार कुठंय ते पाहिलं, ते आमच्या धाटावचे! (दाराकडे बोट दाखवत) बसा हो, बसा. काही सुटलेलं नाही.

मोजा शेजारच्या काकांचा. काका इथल्या केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. रिटायर झाले, पण शिफ्ट काही सुटली नाही. फाल्गुन लागला, वालाच्या शेंगा निघाल्या, मडक्यात पोपट्या लावून झाल्या, की आमच्याकडं परसात वेलवर्गी भाज्या, वांगी, मिरच्या. सगळेच करतात. पण वांग्याच्या वाफ्यात वारादर्शक मोजा लावणारा माणूस आख्ख्या रोहा तालुक्यात एकच.

म्हटलं, "काका, वांगी उडून जाणारेत का?"

(काका, छाती पुढं) "फवारणी! वाऱ्याच्या विरुद्ध फवारणी म्हणजे अपघाताला आमंत्रण!"

फवारणी कसली, तर दशपर्णी अर्क. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, एरंड, घाणेरी, रुई, असला दहा जातींचा पाला, वर शेण, गोमूत्र. पिंपात भरून महिनाभर कुजत ठेवायचा. काकांनी झाकण काढलं रात्री साडेदहाला. दहा पस्तीसला आळीतल्या सगळ्या खिडक्या बंद! दहा चाळीसला फोनाफोनी, "कंपनीनं गॅस सोडला! कंपनीनं सोडला!" अकराला कंपनीची गाडी आली, दोघंजण मास्क लावून, हातात यंत्र घेऊन वास काढत काढत... काकांच्या पिंपापाशी. धाटावच्या इतिहासात पहिल्यांदा वास आला आणि कंपनी निर्दोष सुटली! मास्कवाला बिचारा रडायला आला होता. आनंदानं.

आणि आमची आत्याबाय! वडिलांची आत्या. दात तीन, पण तिन्ही धारेवर. ती पडवीतून:

(आत्याबाय) "आरं बाला, कोन मेला का रं? का त्यानी जेवान केलाय?"

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. काकांनी मिरचीच्या रोपांना ओळीत उभं... रोपं ओळीतच होती म्हणा. काकांनी हात पुढं करून शपथ घेतली. एक रोप वाकडं होतं. त्याला मेमो!

माझं म्हणाल तर माझी बाग साधी. पाणी मात्र माझं राजेशाही. म्हणजे बघा, पाऊस पडतो मुळशीत. टाटांनी तिथं धरण बांधलं, सेनापती बापटांनी १९२१ साली त्याविरुद्ध सत्याग्रह केला. ते पाणी डोंगरातून खाली येतं भिऱ्याला, तिथं वीज करतं मुंबईसाठी. मग कुंडलिकेत पडतं, कोलाडला मुंबईकरांना रबरी होडीत घालून आपटतं. तिथून डोलवहाळच्या बंधाऱ्यात. एवढं सगळं करून, दमून भागून, ते माझ्या टोमॅटोपाशी येतं आणि टोमॅटो काय करतो? पान वळवून बसतो! पुण्याचं पाणी प्यायल्यावर आणखी काय करणार!

एका टोमॅटोचा हिशेब काढला मी. कुंडी, शेणखत, नीमपेंड, काठी, सुतळी. बाजारभावाच्या तोंडाला फेस आला. बायको म्हणाली, "पैसे काय झाडाला लागतात?"

आता हा प्रश्न रोहा तालुक्यात विचारायचा नाही! कारण याचं उत्तर देण्याचा अधिकार असलेला जगातला एकमेव माणूस आमच्या रोह्यात वाढला. चिंतामणराव देशमुख! १९१७ साली केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं बक्षीस. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. झाडंही कळतात, पैसेही कळतात! त्या माणसानं दोन्ही बाजू तपासून बघितल्या आणि नोटांवर सही करायला बसला. म्हणजे लागत असते तर त्यानं नोकरी कशाला केली असती?

(आत्याबाय) "बाला, त्यो लय शिकला. तू पानी घाल."

वानरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही थोडक्यातच आटपलं. चैत्रात आले, शेवगा, पपई, कोवळी कैरी, सगळं एका सकाळीत. काका काठी घेऊन धावले आणि टोळीचा म्होरक्या समोर दिसल्यावर जागच्या जागी ताठ. आपले पोलीस रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या पालखीसमोर उभे राहतात ना, तस्से. फक्त सलामी द्यायची राहिली.

आता दुधी.

(बॅटरी उचलतो.) माघात बी लावलं. वेल मांडवावर गेला. फुलं आली. पांढरीशुभ्र! पण सगळे नर. पंधरा दिवस नुसते नर. सकाळी सगळे माना टाकून पडलेले. रोह्याच्या स्टँडवर लग्नाळू पोरं उभी असतात, तशी गत!

मोबाईलवर बघितलं. उपाय एकच, थ्री-जी कटिंग. वेलाचा शेंडा खुडायचा, ती पहिली पिढी. त्याला फांद्या फुटतात, त्यांचा शेंडा खुडायचा, ती दुसरी. त्यांना जी फूट येते, ती तिसरी पिढी, तिला मादी फुलं जास्त. म्हणजे आजोबाचा शेंडा कापा, बापाचा शेंडा कापा, मग नातीला सुख!

(आत्याबाय) "मंग आपल्या घरान्यान ह्या कवाच करायला पायजे व्हता! तुज्या आजाचा शेंडा मीच खुरला असता!"

खुडला. आणि आली हो! मादी फूल, खाली बोटाएवढा लवदार दुधी घेऊन. घरात आनंदीआनंद. पण माझ्या वेलावर त्या संध्याकाळी एकही नर नाही! पंधरा दिवस उभे होते ते गेले सगळे. मुलगी उपवर, मुहूर्त एका रात्रीचा. दुधीचं फूल उमलतं तिन्हीसांजेला. सकाळपर्यंत मिटलं की संपलं. पतंग येतील तर भाग्य, पण रस्त्यावर कंपनीचे एवढे दिवे, पतंग सगळे तिकडं ओव्हरटाइमला!

नर होता कुठं? काकांच्या कुंपणावर.

मी कुंपणाशी रात्री साडेसातला, बॅटरी तोंडात, हात पलीकडं. फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या, म्हणजे मुंडावळ्या काढल्या, आणि वळतो तर काका!

"कोण आहे? गेट पास?"

(बॅटरी तोंडात धरून) "वऱ वऱ..."

"चोर?"

(बॅटरी काढून) "वर! वर नेतोय, काका! लग्न आहे!"

काका गप्प. मग एकदम हळवे. (आवाज बदलून) "मुलगी बघितली पाहिजे." आले! चपला काढून आले माझ्या मांडवाखाली. मी नर फूल मादीवर टेकवलं, हळूच फिरवलं. काकांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, 'एकोणीस एकेचाळीस, काम पूर्ण, इजा नाही.' आत्याबाय पडवीतून दोन अक्षता टाकायला उठली, तर हातात तांदळाऐवजी मिरचीचं बी. आता तिथं मिरची उगवलीय!

आठवडाभरात दुधी हातभर. काका रोज सकाळी आठला यायचे, टेप घेऊन. एक दिवस बघतो तर दुधीवर मार्करची रेघ. बरोबर मधोमध.

"हे काय?"

"अर्धा आमचा. मुलाकडची बाजू."

(थांबतो. खाली बसतो.)

हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका. आता जिथं कंपनीचं गेट आहे ना, तिथं आमचा वालाचा मळा होता. जमीन गेली. बदल्यात वडिलांना तिथंच नोकरी लागली, माळ्याची. स्वतःच्याच शेतात हिरवळीला पाणी घालायचे. हिरवळ! जी शिजवता येत नाही, विकता येत नाही, तिच्यावर बसायचं नाही म्हणून पाटी. एका वर्षी त्यांनी कोपऱ्यात मूठभर वाल टोकले. उगवलेही. साहेबांची पाहणी होती. शिफ्ट इन्चार्जनं ते उपटायला लावले, वडिलांच्याच हातानं. कोण शिफ्ट इन्चार्ज, ते तुम्हाला कळलंय.

वडील घरी आले, उपटलेली रोपं पिशवीतून आणली होती. परसात लावली. वाल असा लागतो का कधी? लागला नाही. पण त्याच्यानंतर दरवर्षी आमच्या परसात वाल असतो. आणि यंदा पौषात काका माझ्या दारात आले. "थोडं वालाचं बियाणं देतोस?"

दिलं. मोजून दिलं. त्यांच्याच वहीत सही घेतली!

(उठतो.) तर दुधी. कापला. अर्धा काकांकडं, अर्धा आमच्याकडं. आमच्यात नियम आहे, दुधी शिजवायच्या आधी तुकडा जिभेला लावून बघायचा. आत्याबायनं लावला.

(आत्याबाय, चेहरा आक्रसत) "थू! थू! जल्ला मेला! कारू झेर!"

कडू! धावत पलीकडं गेलो, "काका, खाऊ नका, कडू आहे, बाधतो!" काका ताटावर बसलेले. पहिला घास वाटेत. तो त्यांनी खाली ठेवला, चष्मा लावला, वही उघडली.

"कडूपणा वेलाकडून येतो. आईकडून! नर फुलाचा संबंध शून्य. शास्त्र आहे."

"आणि अर्धा हिस्सा?"

"हक्क सोडला. सही कर इथं."

शास्त्र खरंय त्यांचं, तेच तर दुखतं! वेल माझा, बी माझं, कडू माझं, आणि मुलाकडचे निष्कलंक! आत्याबायनं ऐकलं, पडवीतून उठली, काठी टेकत कुंपणापाशी गेली:

(आत्याबाय) "ओ इवाय! लगनाचा खर्च अर्धा टाका मंग!"

(घड्याळ बघतो. बॅटरी पेटवतो.) अरे, साडेसहा झाले! चला, पडवळाची बोलणी आहेत. आणि या वेळी मुलगा कोलाडचा बघितलाय!

(बॅटरीचा झोत प्रेक्षकांत फिरवत, एकेका चेहऱ्यावर थांबत आत जातो. प्रकाश बंद.)