तण मूठभर, हत्यारं हातभर

अहो, ऐकलंत का? आता तण उपटायचं हत्यारसुद्धा म्हणे जपानहून येतं! बाल्कनीत कुंड्या अकरा, त्यांत उगवणारं गवत चिमूटभर, आणि भिंतीवर टांगलेली अवजारं खंडेनवमीला पूजेला मांडायची म्हटली तर पाट पुरायचा नाही. काय हा काळ आला! आपल्या आज्यांनी आयुष्यभर अंगण निंदलं ते दहा बोटांनी. फार झालं तर एक मोडकं खुरपं.

त्या जपानी प्रकाराचं नाव होरी-होरी. पातं जाड आणि खोलगट, एक कड धारदार, दुसरी दातेरी, आणि पात्यावर चक्क सेंटीमीटरच्या खुणा. कशाला? तर कंद किती खोल लावायचा ते मोजायला! आपण आजवर निशिगंधाचे कंद बोटांच्या पेरांनी मोजून लावले, ते काय उलटे उगवले? पण ज्याच्या हातात ही होरी-होरी एकदा येते, त्याची मान ताठ होते. तो कुंडीजवळ उकिडवा बसतो तोच मुळी सामुराईच्या थाटात. समोर शत्रू कोण? दोन पानांचा केना.

दुसऱ्या एका घरात टोकाला दुभंगलेली सळई आली आहे. विलायतेत हिरवळीवर डँडेलियन माजतो, त्याचं सोटमूळ उचकटायला ती केलेली. आपल्या तिसऱ्या मजल्यावर डँडेलियन कुठून आणायचा? पण म्हणून काय सळई घ्यायची नाही? एका हौशी गृहस्थांनी तर लांब दांड्याचं डच हो मागवलं. ते उभ्यानेच पुढे ढकलत चालवायचं, पातं मातीच्या वरच्या थराखालून सरकतं आणि कोवळं तण बुडाशी कापलं जातं. मोकळ्या वाफ्यात उत्तमच. यांची बाल्कनी चार फुटी! दांडा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या धोतरात.

आणि वाद तरी किती? स्टेनलेस की कार्बन स्टील, यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. स्टेनलेस गंजत नाही, पण त्याला धार लावताना घाम निघतो. कार्बन स्टील झटकन धार घेतं, पण ओलं ठेवलं की गंजलंच. मग ते पुसा, तेल लावा, दांड्याला जवसाचं तेल चोळा. ज्या घरात नवऱ्याने स्वतःचा डबा कधी विसळला नाही, त्या घरात तो हत्यार न्हाऊमाखू घालतोय! बायकोने काय करावं? तिने स्वतःसाठी वेगळं मागवलं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला हीच मंडळी जातात. नजर गुलाबावर, पाय अवजारांकडे.

सगळ्यांत मोठा धक्का मात्र सोसायटीच्या माळ्याने दिला. त्याचं खुरपं घिसाड्याने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेलं, मान नेमकी वाकवलेली, धार अशी की मुळाशी लागलं की तण आडवं. होरी-होरीच्या पैशांत तशी डझनभर यावीत. आपल्याला वाटलं, हा तरी टिकेल. तर परवा म्हणतो, ‘‘साहेब, ते जपानी जरा बघू द्या की.’’ दिलं. आता खताची पोती कापायला तेच लागतं त्याला. गेला हाही!

बरं, एवढं करून तण जातं का? इथे खरी गंमत आहे. 1977 साली जगातल्या सर्वांत छळवादी तणांचा एक जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात पहिला नंबर कुणाचा? आपल्या लव्हाळ्याचा! वरून उपटलात तर पाती हातात येतात आणि गाठी खाली सुखरूप. धारदार पात्याने खचाखच कापलात तर आणखी बहार: गाठींची साखळी तुटली की एरवी झोपलेल्या गाठीही जाग्या होतात आणि फुटू लागतात. म्हणजे हत्यार जितकं महाग, पीक तितकं जोमदार. हरळीही त्याच जातीची. तुकडा मातीत राहिला की पेरापेराला मूळ धरते. पुन्हा जी हरळी आपण आषाढात शिव्या देत खणून काढतो, तीच भाद्रपदात मंडईत पैसे मोजून एकवीस-एकवीसच्या जुड्यांनी आणतो. आहे की नाही कमाल?

गाजरगवताचं तर बोलायलाच नको. ते भारतात प्रथम डोळ्यांत भरलं ते 1950च्या दशकात, पुण्यात. पुणेकरांनी या पहिलेपणाचा अजून फलक कसा लावला नाही? त्याला अवजार लागत नाही, हातमोजे लागतात, नाहीतर अंगाला खाज सुटते. आणि फुलायच्या आत उपटावं लागतं, कारण एकेक रोप हजारो बिया टाकतं. पण हातमोज्यांत कसली आली ऐट?

हसताय काय? तुमच्या माळ्यावरच्या त्या लांबट खोक्यात काय आहे, ते आपल्याला ठाऊक नाही असं वाटतं? ‘‘भाच्यासाठी मागवलंय’’ म्हणे!

तर निकाल ऐका. कोवळ्या तणाला खुरपं. लव्हाळ्या-हरळीला दाती काटा: माती भुसभुशीत करायची आणि मुळांची साखळी अख्खी उचलायची. पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला की ही दोन अवजारं पुरतात. चिखलात जपानीही रुततं. बाकी सगळी हौस, आणि हौसेला मोल नाही. तेव्हा घ्या बिनधास्त. डावखुऱ्यांनी फक्त दातेरी कड कुठल्या बाजूला आहे तेवढं आधी बघून घ्यावं.