काटेकोर

आडनाव दुसरंच आहे, पण आमच्या सोसायटीत त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक लिटरची पेट्रोल टर्बो गाडी घेतली आणि डॅशबोर्डवर वेगळं बूस्ट मीटर बसवून आणलं. गाडी जाते मंडईपर्यंत, चाळीसच्या वेगाने. एवढ्यात टर्बो जांभईसुद्धा देत नाही. पण काकांचं दुखणं वेगळं : काटा खरं बोलतो का?

"आत बूर्दोंची नळी असते. १८४९ची युक्ती. अर्धगोल वाकवलेली, दाब आला की सरळ व्हायला बघते." कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात हे ऐकून होतो, इथे नळीच वाकडी.

एका पहाटे मला बायपासवर नेलं. माझं काम इंजिनातल्या दाबाच्या सेन्सरचा आकडा दाखवणारा मोबाइलवरचा स्कॅनर मोठ्याने वाचायचं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. "एकशे ऐंशी!" मी किंचाळलो.

"किलोपास्कल म्हण! शंभर हवेचे गेले, उरले ऐंशी. पॉइंट आठ बार. काटा पॉइंट पंच्याऐंशी दाखवतोय. लबाड!"

घरी आल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली. काटा शून्यावर, स्कॅनरवर ९५. सेन्सर एकूण दाब मोजतो, त्यातून भोवतालच्या हवेचा वजा करायचा. तो समुद्राकाठी १०१ आणि पुण्यात, साडेपाचशे मीटरवर, ९५च. म्हणजे काटा निर्दोष होता. काकांना त्याचं काही वाटलं नाही. पुण्यात मुंबईपेक्षा हवा कमी आहे, हे मात्र फार लागलं. दोन दिवस काकूंनाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं पाऱ्याचं बीपी मशीन पार्किंगमध्ये आणलं. टी-जोड लावून बूस्ट मीटरची नळी त्याला जोडली आणि रबरी फुगा दाबत बसले. पारा ३००वर गेला की काटा पॉइंट चारवर हवा. तो केसभर पुढे थांबला. काकांनी काचेवर टिचकी मारली, चष्मा पुसला, पुन्हा फुगा दाबला. वॉचमनने विचारलं, "काका, गाडीला बरं नाही का?"

काटा चुकतो की पारा, हा वाद आठवडाभर चालला. शेवटी काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "एकशे साठ. जास्त आहे."

काका म्हणाले, "हवा वजा करून ना?"