तुम्हाला जमेल तेवढं

उसनी दिलेली छत्री परत मागायला मला तीन पावसाळे लागतात. तिसऱ्या पावसाळ्यातही समोरच्याच्या हातातल्या माझ्याच छत्रीकडे पाहत मी "छान आहे हो, कुठून घेतली?" एवढंच विचारतो आणि भिजत घरी येतो. अशा माणसाला सालवडच्या आमच्या अभ्यासिकेसाठी देणग्या गोळा करायचं काम कुणी दिलं, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं की सभेत 'हे काम कोण घेणार' म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी मात्र वरचा पंखा फिरत का नाही ते बघत होतो. मान वर असलेला मी एकटाच सापडलो.

पंखे हाच तर प्रश्न होता. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची पोरं चाळीतल्या एका खोलीतून उठून इथं अभ्यासाला येतात. मे महिन्यात खिडकी उघडली तर कारखान्यांचा वास, लावली तर घामाच्या धारा. सहा पंखे हवे होते, बस. मी त्याचं 'शैक्षणिक सक्षमीकरण अभियान' करून टाकलं.

निवृत्त माणसाकडे वेळ आणि लॅपटॉप एकाच वेळी असू नये. मी कायदा वाचायला घेतला. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं, कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावेत. मी खिडकीतून दिसणारी धुराडी मोजली, दोन टक्क्यांनी गुणली आणि रात्री साडेअकराला बायकोला उठवलं. "अगं, आपण एसी बसवतोय!" "आपल्याकडे?" ती एकदम उठून बसली. "अभ्यासिकेत." ती परत आडवी झाली. कलमाचा पहिला भाग मी सकाळी वाचला: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असेल तरच हा नियम लागू. माझी निम्म्याहून जास्त धुराडी तिथंच कोसळली.

तरी चाळीस पत्रं पाठवलीच. एक्सेलमधली नावं पत्रात आपोआप जातात, असं पुतण्यानं दाखवलं होतं. माझी गेली नाहीत. चाळीस ठिकाणी 'आदरणीय श्री. नाव आडनाव' यांना 'आपल्या कंपनीचे नाव या नामांकित कंपनीविषयी आम्हांस नितांत आदर आहे' असं पत्र पोचलं. उत्तर एकच आलं. 'भेटायला या. आपला, नाव आडनाव.'

गृहस्थ भला होता, चहाही मागवला. मी इस्त्रीच्या सदऱ्यात बसून सुरुवात केली ती अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडापासून: माणशी एक पैसा मागत त्यांनी कसा निधी उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना कसा निघाला. मग महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, बोटीत बसून परदेशी कसे गेले आणि आपल्या महिला विद्यापीठासाठी कशी वर्गणी मागत फिरले. मी बोटीतून उतरेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे तुम्हाला काचेचा कारखाना काढायचाय?"

मग त्यांनी कागद मागितले. बारा ए, ऐंशी जी, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. माझ्या फायलीत माझ्या सत्काराचे चार फोटो होते, त्यातल्या तीनमध्ये माझे डोळे मिटलेले. तरीही त्यांनी विचारलं, "बरं, किती हवेत?" आयुष्यात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घसा कोरडा पडला, कान तापले आणि तोंडातून निघालं, "तुम्हाला जमेल तेवढं."

त्यांनी एक डायरी दिली. मागच्या वर्षाची.

मग ठरवलं, लोकांकडेच जावं. पाचशे पत्रकं छापली, त्यावर क्यूआर कोड टाकला आणि बोईसर स्टेशनबाहेर उभं राहून ती वाटली. दोन दिवस बायको खुशीत होती. "यंदा भिशीचे पैसे न मागता येतायत!" फ्रिजवर चिकटवलेल्या क्यूआरचा मी फोटो काढला होता, तो भिशीचा निघाला. हे कळेपर्यंत नंबर लागलेल्या वहिनींकडे कपडे धुवायचं मशीन आलं होतं. ते पैसे मी पेन्शनमधून भरले. एकवीस-एकवीस रुपये देणाऱ्यांना शोधून पावत्या पोचवण्यात महिना गेला तो वेगळाच.

अक्कल शेवटी बाजारात मिळाली. बोंबील घेताना उरलेलं एक पत्रक मावशीच्या टोपलीजवळ ठेवलं. तिची मुलगी आमच्याकडेच अभ्यासाला बसते. "किती पायजे?" तिनं विचारलं. मी सवयीनं, "तुम्हाला जमेल..." "ओ भाऊ, वाटा केवढ्याला विचारलंत तर मी 'तुम्हाला जमेल तेवढं' म्हणते काय? भाव सांगायचा अन् गप बसायचं!" बारा वाजेपर्यंत तिनं शेजारच्या टोपल्यांकडून एका पंख्याचे पैसे उभे केले. मी फक्त पिशवी धरली. तिला ना पैसा फंड लागला ना कर्वे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांकडे गेलो, म्हटलं, "एक पंखा, बसवून, चोवीसशे," आणि जीभ दातांत धरली. समोरच्या भिंतीवर पाल होती, तिच्याकडे बघत बसलो. कंपनीचं कंपनी बघेल म्हणत त्यांनी खिशातून तीन पंख्यांचा चेक दिला. दारापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "बोटीचं पुढं काय झालं ते राहिलं." मी तोंड उघडलं नाही.

आता ऐंशी जीचा कागदही झालाय. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करात सवलत नाही, तेव्हा चेक द्या किंवा क्यूआर वापरा. तो संस्थेचाच आहे, बायकोनं स्वतः एक रुपया पाठवून खात्री करून घेतली आहे.

तर मंडळी, अजून दोन पंखे हवेत. एक पंखा, बसवून, २,४०० रुपये.